खडकावरचा पिवळा बाण

सोमवार, संध्याकाळ
दुसरा मुक्काम

भिंगबाईंस,

बोलू नका, काय असेल ते लिहा, असं तू म्हणालीस. म्हणून लिहितोय. हे पत्र इथल्या लॉजवालीकडे ठेवून मी उद्या सकाळी पुढे निघेन. संध्याकाळी तू पोचलीस की ती तुला देईल. दोघं एकाच सुट्टीवर, समुद्राकाठच्या एकाच वाटेवर, झोपायला बहुधा एकच खोली, आणि मध्ये एक अख्खा दिवस. लॉजवालीने विचारलं, "बाई आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही, सावकाश आहेत." उगाच जगभर बोभाटा कशाला?

आता मुद्द्याचं. लेकीची वेणी हिरव्या रंगाच्या डब्यात बुडाली होती, निळ्या नव्हे. बेकरीच्या बोर्डासाठी तो हिरवा मीच घोटला होता, म्हणून मला पक्कं आठवतं. काल जेवताना तू पहिल्या लॉजवालीला ती गोष्ट रंगवून सांगत होतीस, आणि मी मधे फक्त "हिरवा" म्हटलं. एक शब्द. मग तू पाच वर्षांची म्हणालीस, मी सहा म्हटलं. बरं, वेणी कापली ती तू नाही, समोरच्या केशकर्तनवाल्याने, हेही सांगितलं. यात माझं काय चुकलं? तू चमचा खाली ठेवलास. ती बिचारी विचारते, "मग पुढे काय झालं?" आणि तू म्हणतेस, "पुढचं हे सांगतील. माझ्या गोष्टी माझ्यापेक्षा यांनाच नीट येतात."

आणि सकाळी मी बूट बांधून दारात उभा, तर तू पलंगावर बसलेली. "तुम्ही पुढे व्हा. मी आज इथेच राहते, उद्यापासून तुमच्या मागून येईन. शनिवारी शेवटच्या गावात धक्क्यावर भेटू. तोवर माझं ठरलेलं असेल, तुमच्याबरोबर बोटीने घरी यायचं की बस धरून ताईकडे जायचं."

मी विचारलं, "ताईकडे म्हणजे चार दिवस?"

"नाही. राहायलाच."

एका रंगावरून! इतक्या वर्षांचा संसार, आणि हिरव्या-निळ्यावरून मोडायचा? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून मी तसाच निघालो, पाण्याची बाटलीही विसरलो. ती तुझ्या खोलीत खिडकीत राहिली, तू आणली असशीलच.

वाट चांगली आहे. मी दुपारीच पोचलो. पोचून करायचं काय, हे मात्र कळलं नाही.

तुझा
(काय लिहू?) मीच

मंगळवार, संध्याकाळ
तिसरा मुक्काम

भिंगबाईंस,

कालचं पत्र तू आत्ता वाचत असशील आणि ओठ आवळत असशील. आज सकाळी ते लॉजवालीच्या हातातून परत मागून घ्यावं असं दोनदा वाटलं. घेतलं नाही, कारण मग दुसरं लिहावं लागलं असतं.

आज वाटेत एका ठिकाणी खाली खडकात पाणी साचलेलं होतं, हौदासारखं. मी पुढे गेलो. दहा पावलांवर थांबलो. तू असतीस तर तिथे उकिडवी बसली असतीस, चष्मा कपाळावर, नाक पाण्याला टेकेल इतकी खाली. जन्मभर रक्तपेढीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला एवढंसं डबकं म्हणजे अख्खी सुट्टी. आणि मी वरून ओरडलो असतो, "चल, ऊन वाढतंय." म्हणून आज मी परत मागे आलो आणि बसलो. खरं सांगू? मला काही दिसलं नाही. पाणी, शेवाळ, एक शिंपला. तुला त्यात काय दिसतं ते मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, हे मात्र तिथे बसल्यावर ध्यानात आलं.

मी काल हिरव्याबद्दल लिहिलं. हिरवाच होता. पण ती गोष्ट तुझी होती, आणि ऐकणारी बाई हसत होती. ती रंग विचारायला आली नव्हती.

लेक लहानपणी म्हणायची, "बाबा सगळ्यावर पुन्हा हात फिरवतात." आपण हसायचो. मी बोर्ड रंगवणारा माणूस, मला वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. तू पसरलेली चादर मी पुन्हा ओढायचो, तू लावलेली ताटं सरळ करायचो, तू बांधलेलं पार्सल सोडून पुन्हा बांधायचो. तू कधी भांडली नाहीस. तू एकेक काम करायचं सोडून दिलंस, आणि मला वाटायचं, बरं झालं, बाईला आराम.

असो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण मी अजून मेलो नाही, तेव्हा प्रयत्न करायला वाव आहे. उद्यापासून असं करतो. वाटेत तुला बघण्यासारखं काही मला दिसलं, तर तिथे तुझ्यासाठी खूण करून ठेवीन. माझा छोटा डबा आणि ब्रश पिशवीत आहेतच, तू नको म्हणत असताना घेतलेले. तू मागून आलीस की खूण बघून थांब. मी "चल" म्हणायला नसेन.

तुझा
मी

बुधवार, संध्याकाळ
चौथा मुक्काम

प्रिय भिंगबाई,

चिठ्ठी मिळाली! सामानाच्या पिशव्या पोचवणाऱ्या गाडीवाल्याने दिली. "बाईंनी काल संध्याकाळी दिलीय," म्हणाला आणि डोळे मिचकावले. त्याला आपली सगळी भानगड माहीत झालेली दिसते. पुन्हा पुन्हा वाचली, चार ओळीच तर आहेत. "आज खेकड्याला कात टाकताना बघितलं. अर्धा तास बसले. कुणी चल म्हटलं नाही, फार बरं वाटलं. पण उठल्यावर सांगायला कुणी नव्हतं." शेवटची ओळ वाचून मी गाडीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो. गाडीवाला म्हणाला, "काका, जमलं वाटतं."

हो, गाडीत. ते आता सांगूनच टाकतो. आजच्या वाटेचा शेवटचा टप्पा मी चाललो नाही. हे तुझ्यामाझ्यात राहू दे, लेकीला सांगू नकोस, ती वर्षभर चिडवेल.

झालं असं. वाट जिथे डोंगराच्या टोकाला वळसा घालते तिथे एक मोठा खडक आहे. त्यावर वाट दाखवणारा बाण. म्हणजे बाण कसला, बाणाचं भूत. पिवळा पार उडालेला, नुसता डाग राहिलेला. इतका देखणा खडक, समोर समुद्र, आणि त्यावर हे! शेजारी कुणीतरी लाकडी पाटी ठोकलीय, आत शेताकडे तोंड करून. त्यावरची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. शेतावरच्या कुठल्या तरी खोल्यांची जाहिरात असणार. असली अक्षरं मी वाचत नाही, डोळे खराब होतात.

मग काय, काढला डबा. गंमत म्हणजे खडक रंगासाठी अगदी तयारच होता. घासून ठेवल्यासारखा खरखरीत, ओरखडे सगळे एका बाजूने. मी स्वतः पॉलिशपेपर मारला असता तरी इतकं छान झालं नसतं. एकेका फटकाऱ्यात बाण ओढला. शेपटीला ब्रश उचलतो तसा उचलला. खाली तपकिरीची बारीक सावली दिली, त्याने बाण खडकातून वर उठून आला. दुकान बंद केल्यापासून एवढं मनासारखं काम झालं नव्हतं. आता सगळे कापून चिकटवलेली अक्षरं लावतात, सावली कोण देतो? लष्कराच्या भाकऱ्या, म्हणशील. असू दे. येणारे-जाणारे बघतील तरी.

ब्रश पुसत होतो तेवढ्यात आतल्या शेतरस्त्यावरून शिट्टी आली. गाडीवाला होता. "चिठ्ठी आहे, येता का?" गेलो. पुढची वाट राहिली ती राहिलीच.

शनिवारी धक्क्यावर मी आधी बोलणार नाही. तू खेकड्याचं सांग.

तुझाच

गुरुवार, सकाळ
चौथा मुक्काम

तू हे वाचत असशील तर तू नीट पोचलीस. मग कुठे जाऊ नकोस, इथेच बस, मी येतो.

तो बाण चुकीचा आहे. मागच्या वादळात तिकडचा कडा खचलाय, वाट आत शेतातून वळवलीय, ती पाटी त्याचीच होती. जुना बाण उडाला नव्हता, वाट सांभाळणाऱ्या माणसाने तारेच्या ब्रशने मुद्दाम घासून काढला होता. मी नाष्ट्याला इथल्या लॉजवालीला सगळं कौतुकाने सांगत बसलो आणि तिच्या हातातली किटली तशीच राहिली. तिने तिसऱ्या मुक्कामाला फोन केला. तू केव्हाच निघालीस. तुझा फोन बंद. मी मागे धावतोय, गाडीवाला येतोय, वाट सांभाळणाऱ्याला निरोप गेलाय.

पाटी वाचली असशील ना? तू वाचतेस. तू सगळं वाचतेस.

शनिवार
रुग्णालय, खालचा मजला

प्रिय,

तुला वर ठेवलंय. लेक तुझ्याजवळ आहे. तू तिला सांगितलंस, त्यांना काही दिवस येऊ देऊ नकोस, म्हणून मी इथे बाकावर बसून लिहितोय. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण औषधांमुळे मधलं बरंच आठवणार नाही. म्हणून मी बघितलं ते लिहून ठेवतो.

मी पोचलो तेव्हा खडकापाशी कुणी नव्हतं. बाण तेवढा होता, लांबूनच दिसत होता. वळणापलीकडे गेलो तर वाट एकदम संपलेली, कडेची माती ओली, ताजी तुटलेली. मी हाक मारली. खालून तू म्हणालीस, "पुढे येऊ नका, कड कच्ची आहे."

पहिलं वाक्य ते. तुझा पाय कसा पडला होता ते मला नंतर दिसलं, आणि तू मला सांगत होतीस पुढे येऊ नका.

मी पोटावर झोपून पुढे सरकलो. तू खालच्या कपारीत होतीस, पाठ खडकाला टेकून, चेहरा चुन्यासारखा. मला खाली उतरता येईना. तू विचारलंस, "तुम्ही कुठे होता? मी हाका मारत आले." मला वाटलं, पडल्यावर मदतीसाठी मारल्या असतील. मी म्हटलं, "आलो ना आता." तू डोळे मिटलेस. मग मला भीती वाटली म्हणून मी म्हटलं, खेकड्याचं सांग. आणि तू सांगितलंस. तो जुन्या कवचातून मागच्या मागे कसा निघतो, निघाल्यावर किती मऊ असतो, किती घाबरलेला असतो. मधे मधे तुझा आवाज जायचा, मग परत यायचा. आयुष्यात तुझी एवढी एकच गोष्ट मी पुरती ऐकली. तीही तू मोडलेल्या हाडाने सांगितलीस.

वाट सांभाळणारा दोर आणि चार माणसं घेऊन आला. येता येता त्याने खडक बघितला होता. "कुणाचा उद्योग हा?" मी म्हटलं, "माझा." मला वाटलं, शिव्या घालेल. तो एवढंच म्हणाला, "दोर धरा," आणि खाली उतरला. तुला गाडीत ठेवल्यावर मात्र बाजूला येऊन म्हणाला, "घासून भागायचं नाही, वर काळा फासायला हवा होता मी." तो स्वतःला दोष देत होता, आणि मी त्याला देऊ दिला.

लेक आत्ता खाली आली होती. बाकावर माझ्याशेजारी बसली, पण माझ्याकडे बघत नव्हती. "बाबा, काठी कायमची लागणार आहे तिला." एवढं बोलून वर गेली.

मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. तू अजून शुद्धीवर नीट नाहीस, अशा माणसाकडे काही मागू नये.

मी

पुढच्या महिन्यातला गुरुवार
घर

प्रिय,

काल लेकीचा फोन आला. आवाज इतका आनंदी की मला आधी ओळखूच येईना. म्हणाली, "बाबा, आई घरी येतेय. तुझ्याकडे. मावशीला तिने नाही म्हणून कळवलं. रविवारी गाडीने आणते मी."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "कसं काय?"

मग तिने तू सांगितलेलं सगळं मला सांगितलं, एका दमात. तिसऱ्या मुक्कामाच्या लॉजवालीने तुला बजावलं होतं की टोकाकडे जाऊ नका, वाट आतून आहे. तू ती पाटी वाचलीस. तू आत वळणारच होतीस, दोन पावलं गेलीसही. मग तुला खडकावर बाण दिसला. सावली बघितलीस आणि माझा हात ओळखलास. आदल्या संध्याकाळीच माझं पत्र वाचलं होतंस, खूण करून ठेवीन म्हणून. तुला वाटलं, वळणापलीकडे काहीतरी आहे जे मला तुला दाखवायचंय. कदाचित मीही तिथेच आहे, थांबलोय.

लेक म्हणाली, "बाबा, आईने तिथे उभं राहून पिशवीतून कंगवा काढला. केस सारखे केले. मग तुला हाका मारत वळली. म्हणते, त्या वळणावर माझं घरी यायचं ठरलं होतं. म्हणते, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी थांबून काही केलं, कडा खचला त्यात त्यांचा काय दोष? मी इतके दिवस तुझ्यावर उगाच चिडले, बाबा."

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगतो. मी घर आवरलं. न्हाणीघरात तुला धरायला दांडा हवा म्हणून सुताराला बोलावलं, तो आज सकाळी बसवून गेला. पलंग खिडकीकडे सरकवला. बाजारातून मऊ उशी आणली. शेजारीण म्हणाली, "काका आज फार खुशीत," तर मी तिला सांगितलं, आमची ही येतेय. काल पूर्ण संध्याकाळ आणि आज दुपारपर्यंत मी सुखात होतो. इतका की चौथ्या मुक्कामावरून परत आलेलं माझं बुधवारचं पत्र, जे तू वाचलंच नाहीस, ते मी फाडायला घेतलं. कुणाला कधी कळलं नसतं. तू आली असतीस. तू काठी टेकत घरात फिरली असतीस आणि आल्यागेल्याला सांगितलं असतंस, यांनी माझ्यासाठी खूण केली होती. मी शेजारी बसून ऐकलं असतं, आणि तुला हवं होतं तसं, मधे एक शब्दही बोललो नसतो.

पण दुपारी जेवायला बसलो आणि ताट बाजूला सारून कागद घेतला. त्या एका बाणासाठी तू मला सगळं माफ करून येतेयस. म्हणून लिहितो. लेकीला मी काही सांगितलेलं नाही, हे पत्र तू एकटीने वाच.

तो बाण तुझ्यासाठी नव्हता.

तुला खूण करून ठेवीन असं मंगळवारी लिहिलं, आणि बुधवारी सकाळी चालायला लागल्यावर विसरून गेलो. वाटेत बघण्यासारखं पुष्कळ असेल, मी बघितलं नाही. खडकापाशी थांबलो ते तुझ्यासाठी नाही, कुणाचं तरी काम मला पसंत पडलं नाही म्हणून. ब्रश हातात असताना तू माझ्या मनातसुद्धा नव्हतीस. पाटी मी वाचली नाही, कारण तिची अक्षरं मला आवडली नाहीत. ओरखडे एकाच बाजूने होते, वाऱ्यापावसाने तसे पडत नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसूनही मी रंग लावला, कारण रंग छान धरला असता. ती वाट पुढे कुठे जाते हे बघायला मी एक पाऊलही पुढे टाकलं नाही. मी गाडीत बसलो.

तू विचारलंस, तुम्ही कुठे होता, आणि मी म्हटलं, आलो ना आता. ते उत्तर नव्हतं. वळणापलीकडे कुणी नव्हतं. तू केस विंचरत होतीस तेव्हा मी पुढच्या मुक्कामी नाष्ट्याच्या टेबलावर लॉजवालीला त्या बाणाची गोष्ट सांगत होतो. सगळी सांगितली, रंगापासून सावलीपर्यंत. तुझा उल्लेख त्यात नव्हता.

रविवारचं काय ते आता तू ठरव. ताईकडे जायचं ठरलं, तर उशी लेकीबरोबर पाठवतो.